त्या रात्रीचा प्रयोग रद्द झाला असता तर

१२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'संगीत मानापमान'चा पहिला प्रयोग होता. नाटक खाडिलकरांचं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. वय बावीस. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलू असं मंडळी म्हणत होती, पण जमलेल्या रसिकांचा विरस नको म्हणून ते रंगायला बसले, असं सांगतात. प्रयोग झाला. नाटक गाजलं.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी एकाच सुरात सांगितली जाते: केवढी ही निष्ठा! मला प्रश्न पडतो तो वेगळा. ही निष्ठा थोर असेल, पण तिचं कौतुक करण्याचा अधिकार नेमका कोणाला आहे?

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका कंपनीच्या प्रशिक्षणात 'कमिटमेंट' या विषयावर बोलताना वक्त्यांनी हीच गोष्ट सांगितली होती. सभागृहात टाळ्या पडल्या. त्याच आठवड्यात आमच्या टीममधल्या एकाने वडिलांच्या दहाव्यासाठी रजा मागितली होती, आणि 'रिलीज झाल्यावर बघू' असं उत्तर त्याला मिळालं होतं. बालगंधर्वांनी स्वतःच्या दुःखाबद्दल घेतलेला निर्णय शंभर वर्षांनी दुसऱ्याच्या दुःखासाठी मोजपट्टी झाला होता.

त्याग जो करतो त्याचा असतो. ज्याला त्याचा फायदा होतो त्याने तो मागायचा नसतो, आणि उदाहरण म्हणून तिसऱ्यासमोर तर मुळीच ठेवायचा नसतो. शिवाय मुलगी लक्ष्मीबाईंचीही होती. त्या रात्रीच्या गोष्टीत आईला काय वाटलं हे कोणी सांगत नाही. एकाच्या त्यागात दुसऱ्याचं किती गेलं, याचा हिशेब कौतुकात येतच नाही.

यावर कोणी म्हणेल, पण त्यांच्यावर सक्ती कुठे होती? निर्णय त्यांचाच होता. इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा अडखळतो. आमच्या धंद्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. एकच भाग असा, की तो बंद पडला तर सगळं बंद. किर्लोस्कर मंडळीची रचना तशी होती. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि त्यांच्या तोडीचा स्त्रीपार्टी गायक मंडळीला मिळायला १९०५ साल उजाडलं. तो गायक म्हणजे नारायणराव. त्यांच्या एका गळ्यावर सगळ्यांची चूल. अशा माणसाला 'तुमची इच्छा' म्हणणं म्हणजे अर्धीच मोकळीक देणं.

युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या ऑपेरागृहांनी या अडचणीवर एक साधी तोड काढली आहे. मुख्य भूमिकेसाठी दुसरा गायक तयार ठेवायचा. पोलंडचा आदाम दिदुर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये 'बोरिस गोदुनोव्ह' गायला. खर्जातला आवाज, झार बोरिसची भूमिका, म्हणजे सगळा खेळ त्याच्या छातीवर. तरीही भूमिका एकाची आणि दुसरा कोणीतरी तिची तयारी करून बसलेला, ही पद्धत मला कलेचा अपमान वाटत नाही. गायकालाही ताप येतो, त्याच्याही घरी माणसं मरतात, हे तिने धरून चाललेलं असतं.

आणि त्यासाठी न्यूयॉर्कला जायचीही गरज नाही. मी कन्नडचा. आमच्याकडे मृगाचा पाऊस पडून वापसा झाला की मका, कपाशीची एकच घाई उडते. वापसा कोणासाठी थांबत नाही. अशा दिवसांत एखाद्या घरात मयत झाली, तर भावकी आणि शेजारी आपापली तिफण, आता ट्रॅक्टर, घेऊन त्या घरचं रान पेरून देतात. पेरणी चुकत नाही आणि ज्याचं माणूस गेलं त्याला औताच्या मागे चालावं लागत नाही. गावात याला कोणी निष्ठा वगैरे म्हणत नाही.

बालगंधर्वांचं कर्ज मात्र मी या गोष्टीपासून वेगळं ठेवतो. १९१३ मध्ये काढलेली गंधर्व नाटक मंडळी पुढे कर्जात बुडाली आणि ते त्यांनी वर्षानुवर्षं गाऊन फेडलं. कर्ज हे शब्द देऊन घेतलेलं असतं, समोर नावानिशी माणूस असतो. तिथे मागण्याचा हक्क असतो. रसिकाकडे फक्त तिकीट होतं, आणि तिकिटाचे पैसे परत करता येतात.

एक शंका मात्र माझ्याच्याने मिटत नाही. कदाचित त्या रात्री त्यांनी रसिकांना काही दिलंच नसेल. कदाचित चार-पाच तास नारायणराव नसणं, भामिनी असणं, हीच त्यांची त्या दिवसापुरती सुटका असेल. दुःखात काहींना काम सोडायचं असतं, काहींना कामच हवं असतं. तसं असेल तर मंडळींनी 'थांबू या' म्हटलं तेही बरोबर आणि ते रंगायला बसले तेही बरोबर. चूक फक्त आपली, टाळ्या वाजवून त्याचा नियम करणाऱ्यांची.

१९१९ मध्ये गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं. त्यात सुधाकराच्या हातून त्याचं तान्हं मूल मरतं. त्या मुलाची आई सिंधू. ती भूमिका बालगंधर्व करत होते. फाटक्या लुगड्यातली ती सिंधू पाहून थिएटर रडायचं. पडदा पडल्यावर त्यांना काय आठवत असेल, हे विचारायला आत कोणी जात होतं का?