अल्प बक्षिसाचे प्रयोजन

मुलाने अभ्यासाला बसावे म्हणून त्याच्या हाती काही ठेवावे की ठेवू नये, या प्रश्नाबाबत आपल्या घरांतून दोन परस्परविरुद्ध मते सारख्याच निष्ठेने बाळगली जातात. वार्षिक परीक्षेत नव्वद टक्के गुण मिळाल्यास सायकल देण्याचा करार करणाऱ्या पालकाला त्यात काही गैर वाटत नाही. आणि विद्येचे फळ विद्याच असली पाहिजे असे मानणाऱ्या पालकाला खडीसाखरेचा एक खडासुद्धा लाच वाटते. मला या दोन्ही भूमिका मान्य नाहीत. घरच्या अभ्यासात बक्षिसाला स्थान आहे, परंतु ते बक्षीस क्षुल्लक असले पाहिजे. आणि हे क्षुल्लकपण काटकसरीपोटी पत्करलेले नसून त्यातच बक्षिसाचा सारा गुण साठवलेला आहे, असे माझे प्रतिपादन आहे.

बाराव्या शतकातील ज्यू तत्त्वचिंतक मायमोनिडीस याने मिश्ना या धर्मग्रंथावरील आपल्या भाष्यात या प्रश्नाचा विचार केला आहे. धर्मग्रंथ शिकण्यासाठी गुरूकडे आणलेले लहान मूल त्या विद्येचे मोल जाणण्याइतके परिपक्व नसते, म्हणून गुरू त्याला आधी सुकामेवा किंवा मध देऊ करतो. मूल मोठे झाले आणि त्या खाऊची मातब्बरी उरली नाही की चांगले जोडे व वस्त्रे, पुढे नाणी, आणि त्याहीपुढे अधिकारपद व लोकांतील मान यांचे आश्वासन देतो. हा सारा क्रम त्याला उणाच वाटतो, सत्य हे सत्यासाठीच शिकावे हे साध्य तो क्षणभरही दृष्टीआड होऊ देत नाही. तथापि मनुष्याची बुद्धी कोवळी आहे तोवर हा मार्ग टाळता येत नाही, हे तो कबूल करतो. जे मुलाला अद्याप दिसलेलेच नाही त्याची ओढ त्याला नाही, म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे आहे, ही त्याच्या विवेचनातली करुणा मला फार मोलाची वाटते.

आमच्या शेजारच्या घरी दिवेलागणीला पाढ्यांची उजळणी चालते. दुसरीतली नात, समोर आजी, आणि आजीच्या मांडीजवळच्या वाटीत चारदोन मनुका. सतरा आठे छत्तिसासे येथे ती मुलगी हटकून अडते, छताकडे पाहते, ओठांतल्या ओठांत सतरा साते पुन्हा म्हणून घेते, आणि आकडा सापडला की आजी काही न बोलता एक मनुका तिच्या तळहातावर ठेवते. एका मनुकेसाठी कोणी सतराचा पाढा पाठ करीत नाही, हे त्या मुलीलाही ठाऊक असावे. ती मनुका मोबदला नव्हे. तू अडलीस, तरी सोडून दिले नाहीस, हे मी पाहिले, एवढी ती पोच आहे.

बक्षिसाचे विरोधक जे सांगतात ते निराधार नाही. मारिया माँटेसरी यांनी रोममधल्या आपल्या बालगृहातून बक्षिसे आणि शिक्षा दोन्ही हद्दपार केल्या, आणि आपल्याकडे गिजुभाई बधेकांनी तोच आग्रह धरला. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. स्केचपेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींना आधीच सांगितले, की चित्रे काढलीत तर सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र नंतर अनपेक्षितपणे दिले, काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पेन समोर आले, तेव्हा आधी आश्वासन मिळालेली मुले इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. ज्या कामात मूल आपण होऊन रमते त्याला मोल लावले की त्याची गोडी विटते. म्हणून गोष्टीच्या पुस्तकात डोके घालून बसलेल्या मुलाला कशाचेही आमिष दाखवू नये, हे मी निःशंकपणे म्हणेन. पण सतराच्या पाढ्यात कोणते मूल आपण होऊन रमते? ज्या उंबरठ्यापाशी रुची अजून जन्मलेलीच नाही, तेथे ती मरेल हे भय लागू पडत नाही.

मात्र तेथेही प्रमाण सांभाळावे लागते, आणि त्याचे कारण त्याच विद्यापीठातील आणखी जुन्या, 1959 साली प्रसिद्ध झालेल्या फेस्टिंगर व कार्लस्मिथ यांच्या प्रयोगात मला सापडते. अत्यंत कंटाळवाणे काम केलेल्या विद्यार्थ्यांना, हे काम मनोरंजक आहे असे पुढच्या माणसास सांगण्यासाठी कोणाला एक डॉलर दिला, कोणाला वीस. नंतर त्यांचे खरे मत विचारले असता, एक डॉलर घेणाऱ्यांना ते काम अधिक रुचले असे आढळले. वीस डॉलरवाल्याला आपल्या बोलण्याचे कारण खिशातच सापडत होते; एक डॉलर हे कारण पुरेसे नव्हते, तेव्हा मनाने उरलेले कारण कामातच शोधले. हे विद्यार्थी प्रौढ होते, आणि त्यांच्यावरून बालकांविषयी काढलेले अनुमान माझे आहे. परंतु सायकल आणि मनुका यांतील भेद यापेक्षा स्पष्टपणे मला मांडता येत नाही. सायकलीसाठी शिकलो असे मूल प्रामाणिकपणे म्हणू शकते, मनुकेसाठी शिकलो असे म्हणू शकत नाही, आणि त्या उरलेल्या जागेतच विद्येची आवड रुजण्यास वाव मिळतो.

बक्षीस किती, याइतकेच ते कशासाठी, हेही महत्त्वाचे. अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर यांनी अमेरिकेतील शहरांत केलेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत न्यूयॉर्कला परीक्षेतील गुणांसाठी, शिकागोला श्रेणींसाठी पैसे दिले गेले, आणि शिक्षणात लक्षणीय वाढ दिसली नाही. याचे एक संभाव्य कारण हे, की गुण कसे वाढवावेत हेच मुलांना उमगत नव्हते. डॅलसला दुसरीतल्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे, त्यावरील प्रश्नांची उत्तरे दिल्यावर, दोन डॉलर मिळत, आणि इंग्रजीतून परीक्षा देणाऱ्या मुलांचे वाचनाचे आकलन सुधारले. पुस्तक उघडणे मुलाच्या हातात असते, गुण नसतात. म्हणूनच आजीची मनुका अडखळून पुढे गेल्याबद्दल असते, प्रगतिपुस्तकाबद्दल नसते.

त्याच डॅलसमध्ये स्पॅनिशमधून परीक्षा देणाऱ्या मुलांची मात्र पीछेहाट झाली, आणि ती मुले वाचीत होती ती पुस्तके बहुतांशी इंग्रजी होती, असे त्याचे एक कारण सुचवले गेले. मराठी घरांनी या तपशिलाकडे लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाणाऱ्या मुलाने इंग्रजी धडा धडाधड वाचला की घरभर कौतुक होते, चॉकलेट मिळते. तेच मूल मराठी गोष्टीच्या पुस्तकातली जोडाक्षरे लावीत बसले, तर त्याच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. कोणत्या भाषेत अडखळणे घराला मोलाचे वाटते, हे त्या मुलाला वर्षभरात बिनचूक समजलेले असते. पाढ्याची मनुका ठेवणाऱ्या आजीने एक मनुका त्या जोडाक्षरांसाठीही राखून ठेवावी.