अंतकाळीचा अनुताप

चिकलठाण्याच्या सप्ताहात आम्ही सेवेला गेलो होतो. आख्यान अजामिळाचे होते. कीर्तन आटोपले, आरती झाली, पंगत उठली, आणि मांडवाच्या कडेला आम्ही पान जमवीत बसलो असता एक वयस्क माळकरी जवळ येऊन टेकले. पायावर डोके ठेवले, आम्हीही ठेवले, आणि मग ते हळूच म्हणाले, “बुवा, अजामिळ तरला, ते ऐकलं. पण आमच्या शेजाऱ्याचं काय झालं असंल, ते सांगा.”

शेजारी ख्रिस्ती, कॅथलिक पंथाचे. दोघे भाऊ, शेत शेजारी शेजारी. थोरल्याने धाकट्याचा बांध कोरला. दरसाल नांगराचे एक तास आत. चाळीस वर्षांत दोन गुंठे तरी गिळले म्हणतात. एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला कारखान्यांची वसाहत आल्यावर तिथल्या मातीला सोन्याचा भाव आला. तेव्हा दोन गुंठे म्हणजे काय, हे शेतकरी वाचकाला सांगायला नको. भावाभावांचे बोलणे बंद पडले. पुढे थोरला आजारी पडला. शेवटच्या दिवशी शहरातून फादर आले, त्याचे पापनिवेदन ऐकले, कपाळाला आणि हाताला तेल लावले, प्रसाद दिला. त्याच रात्री तो गेला, आणि चेहरा असा शांत की पाहणारे चकित झाले. मातीला धाकटाही गेला. घरी येताना आमच्या माळकऱ्याला एवढेच म्हणाला, “देवानं माफ केलं म्हणे. मला कुणी इचारलं?”

हा प्रश्न आमच्या जिवाला लागला. घरी आलो तरी जाईना. म्हणून हे लिहीत आहोत. ख्रिस्ती धर्माविषयी आम्ही बाहेरचे, तेव्हा आधी त्यांचे म्हणणे नीट समजून घेणे आले.

त्यांच्याकडे याचा मूळ दाखला लूककृत शुभवर्तमानात आहे. येशूबरोबर दोन चोर क्रुसावर दिले होते. एक टवाळी करतो. दुसरा त्याला दटावतो. आपल्याला आपल्या करणीचेच फळ मिळते आहे, याने मात्र काही केलेले नाही, असे म्हणतो. मग येशूला विनवतो की तुझ्या राज्यात गेल्यावर माझी आठवण ठेव. येशू त्याला आजच स्वर्गाचे वचन देतो. झाले. ना तप, ना तीर्थ, ना एक दिवसाचा नेम. ख्रिस्ती लोकांत याविषयी एक जुने बोलणे आहे, ते आम्हाला फार आवडले: असा एक चोर तरला म्हणून कोणी निराश होऊ नये, आणि एकच तरला म्हणून कोणी त्या भरवशावर राहू नये.

भरवशावर राहिलेले पुष्कळ होते. पहिल्या काही शतकांत बाप्तिस्मा मुद्दाम लांबणीवर टाकण्याची चाल पडली होती. शेवटी घेतला की मागचे सगळे एकदम धुऊन निघते, हा हिशेब. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन याने ३२६ साली स्वतःचा मुलगा आणि बायको मारविली, आणि बाप्तिस्मा घेतला तो ३३७ साली मृत्युशय्येवर. त्या चालीवर त्यांच्याच आचार्यांनी कोरडे ओढले आहेत. देवाशी सौदा करणारे सगळीकडे असतात. आपल्याकडेही “म्हातारपणी माळ घालू” म्हणणारे गावोगाव भेटतात, आणि त्यांतले कित्येक म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत.

कॅथलिक पंथाने पुढे याचा बारीक विचार केला. १५५१ साली ट्रेंट येथील धर्मसभेत अनुतापाचे दोन प्रकार सांगितले. एक देवाच्या प्रेमापोटी होणारा, तो पूर्ण. दुसरा नरकाच्या भयाने होणारा, तो अपुरा. पण पापनिवेदनाच्या संस्काराची जोड मिळाली तर तोही चालतो. अपराध सुटला तरी त्याची शिक्षा काही उरते, ती मेल्यावर शुद्धिस्थानात भोगून संपवावी लागते. आपल्याकडे ज्ञान झाले तरी प्रारब्ध भोगूनच सरते म्हणतात, त्याची इथे आठवण होते. अगदी तेच नव्हे, पण वाटेत शेजार आहे. मार्टिन लूथरला हे शिक्षेचे गणित मान्य नव्हते. त्या शिक्षेच्या माफीची पत्रे पैशाने मिळू लागली, तेव्हा १५१७ साली त्याने पंचाण्णव कलमे मांडली. त्यांतले पहिलेच कलम असे की अनुताप हा एका वेळचा विधी नसून माणसाच्या सगळ्या जन्माचा व्यवसाय आहे. वारकऱ्याला हे परके वाटू नये.

आता आपला अजामिळ. कीर्तनात आम्ही सारे तो कसा सांगतो? जन्मभर पाप केले, मरताना धाकट्या पोराला ‘नारायण’ म्हणून हाक मारली, विष्णुदूत आले, यमदूत पळाले, वैकुंठ. टाळी. पण भागवताच्या सहाव्या स्कंधात कथा इथे थांबत नाही. यमदूत निघून गेल्यावर अजामिळ मरत नाही. तो सावध होतो, आपण काय काय केले ते त्याला आठवते, त्याचे काळीज फाटते. मग तो घरदार सोडून गंगाद्वाराला जातो, तिथे साधन करतो, आणि त्यानंतर त्याचा देह पडतो. म्हणजे नामाने त्याला मोक्षाआधी मुदत दिली. हा भाग आम्ही स्वतः कितीदा गाळला आहे! वेळ झालेली असते, मृदंग रंगात आलेला असतो, आणि श्रोत्यांनाही वैकुंठच हवे असते.

उलट बाजूला जडभरत. राज्य सोडून तपाला बसलेला एवढा मोठा राजा, पण शेवटी हरणाच्या पाडसात जीव अडकला आणि पुढला जन्म हरणाचा आला. गीतेचा आठवा अध्याय अंतकाळच्या स्मरणाला फार मोल देतो, पण जन्मभर मन जिथे रुळले तेच त्या वेळी पुढे येते हेही तिथेच आहे. आणि आताचा अंतकाळ तरी कसा? दवाखान्याची काचेची खोली, नाकातोंडात नळ्या, शुद्ध हरपलेली, घरचे माणूस बाहेर बाकावर. कोण निवेदन करणार आणि कोण ऐकणार?

एक गोष्ट आम्ही प्रामाणिकपणे कबूल करतो. उशिरा आलेल्याला पूर्ण माप मिळते याचा आम्हाला आतून थोडा रागच येतो. येशूने द्राक्षमळ्याचा एक दृष्टान्त दिला आहे. सकाळपासून उन्हात राबलेल्या मजुरांना आणि दिवस मावळताना आलेल्यांना मालकाने सारखीच मजुरी दिली, तेव्हा सकाळचे कुरकुरले. आम्ही चाळीस वर्षे पायी चाललो, फोड आले, पावसात भिजलो. आणि एक जण एकादशीला मोटारीतून उतरतो, मुखदर्शन घेतो, आणि तोच विठ्ठल त्याच्याकडेही तसाच पाहतो. कुरकुर होते की नाही? होते. पण विठ्ठलाच्या पदरचे त्याने दिले, त्यात आमचे काय गेले? आमच्या मापातले त्याने काही काढून घेतले नाही.

इथेच धाकट्या भावाची गोष्ट वेगळी होते. त्याचे गेले आहे. दोन गुंठे गेले आहेत.

त्यांचा धर्मही हे विसरलेला नाही. जकातदार जक्कय येशूला भेटला तेव्हा, ज्याचे फसवून घेतले त्याला चौपट परत देतो, असे उभ्याउभ्या बोलला. वेदीवर दान ठेवताना भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच टाकून आधी भावाकडे जा, अशी येशूची आज्ञा आहे. १९९२ सालच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातही स्पष्ट आहे की क्षमेने पाप जाते, पण पापाने केलेली मोडतोड आपोआप सुधारत नाही. चोरलेले परत करावेच लागते. म्हणजे फादरांनी थोरल्याला बांधाबद्दल काही सांगितले असेलही. त्याने काय कबूल केले ते कोणाला कळणार नाही. पापनिवेदनातले बोलणे फादर बाहेर सांगत नाहीत, सांगूही शकत नाहीत.

मग क्रुसावरच्या चोराने कोणाला काय परत केले? काही नाही. आम्ही यावर पुष्कळ विचार केला, आणि आमच्या अल्पमतीला असे दिसले की त्याचे हात खिळलेले होते. तोंड तेवढे मोकळे होते, तर तोंडाने जे खरे करता येते ते त्याने केले. सगळ्यांदेखत आपला गुन्हा आपला म्हणून घेतला. देवाने तेवढ्यावर त्याला घेतले. थोरल्याचे हात चाळीस वर्षे मोकळे होते, आणि शेवटच्या दिवशीही जीभ मोकळी होती. भावाला बोलावणे धाडता आले असते. ते धाडले नाही, म्हणून देवाने त्याला ढकलले असेल असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही, आणि तसे वाटतही नाही. पण देवाची क्षमा देवाच्या खात्यातली. धाकट्याच्या खात्यातली क्षमा धाकट्यानेच द्यावयाची, ती परस्पर कोणी दुसरा देऊ शकत नाही.

या भूमीत दोन्ही वाटा फार जवळून गेल्या आहेत. चिकलठाण्याहून पैठण काही लांब नाही. १५९९ साली नाथांनी गोदावरीत देह ठेवला, तेव्हा फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात येऊन वीस वर्षे झाली होती. पुढे त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली छापले. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या तुकोबांनी कर्जाचे कागद इंद्रायणीत सोडले, तेही हयातीत आणि स्वतःच्या हाताने.

यंदा नाथषष्ठीला ते माळकरी पैठणच्या वाळवंटात पुन्हा भेटले. आम्ही आधी त्या घरचे विचारले. म्हणाले, थोरल्याचा मुलगा एक दिवस काकाच्या ओट्यावर येऊन बसला. बाप शेवटच्या रात्री त्याला एवढेच बोलला होता, “बांध मोजून घे.” पोराने सहा महिने ते कोणाला सांगितले नव्हते. आता मोजणीचा अर्ज दिला आहे, पैसे भरले आहेत.

“आन् काका काय म्हणतो?”

“काय म्हणणार! चहा पाजला पोराला. २ नोव्हेंबरला त्यांच्यात मेलेल्यांचा दिवस असतो ना, कब्रस्तानात मेणबत्त्या लावत्यात. तर म्हणला, खुणेचा दगड बसू दे, मग बघू जायचं का ते.”

मोजणीची तारीख यायची आहे.