पाठ टेकायला

शेवगावातलं आमचं जुनं घर पाच खणांचं. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण. लाकूड जेवढं लांब मिळालं तेवढी खोली. पुण्यात आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षी घराचं माप विचारलं, तेव्हा मी ‘पाच खण’ म्हणाले आणि वर्ग हसला. पाचव्या वर्षी प्रबंधाला ‘राहणं’ हा विषय घेतला, तेव्हा कोणी हसलं नाही, मार्गदर्शक बाईंनी फक्त विचारलं, “म्हणजे नेमकं काय करणं?”

त्या प्रश्नापायी मी वर्षभर टेप घेऊन हिंडले.

अजिंठ्याचं बारा नंबरचं लेणं म्हणजे विहार. मंडपाच्या तीन बाजूंना बारा खोल्या, प्रत्येकीत दगडात कोरलेले दोन ओटे, उशाला दगडाचाच उंचवटा. घरदार सोडलेल्या भिक्खूंनी पावसाळ्यात मात्र एका जागी राहावं, असा नियम होता. त्या वर्षावासातून पुढे अशा कायमच्या जागा झाल्या. घर सोडलेल्यांच्या खोल्या दोन हजार वर्षं टिकल्या आणि त्यांना भिक्षा वाढणाऱ्या गृहस्थांची मातीची घरं मातीला मिळाली. त्या ओट्यावर आडवं व्हायचा मोह झाला होता. पहारेकरी बघत होता, म्हणून भिंतीला नुसती पाठ टेकली.

नेवासा आमच्या शेजारचा तालुका. लहानपणापासून पैसाचा खांब पाहिलेला. या वेळी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं. गीतेचा बारावा अध्याय भक्ताला ‘अनिकेत’ म्हणतो, म्हणजे ज्याला घर नाही असा. 1290 साली ज्ञानेश्वरांनी त्या शब्दाचा अर्थ सांगितला तो याच गावात, परंपरा म्हणते त्याप्रमाणे या खांबाला टेकून. ज्यांच्या वडिलांनी संन्यास सोडून पुन्हा संसार धरला आणि त्यापायी समाजानं ज्या भावंडांना वाळीत टाकलं, त्यांतलेच ज्ञानेश्वर एक. घर नसणं त्यांना पोथीतून कळलं नव्हतं. आज गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी खांबच आहे. ‘पैस’ म्हणजे मोकळा विस्तार. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या पुस्तकाला हेच नाव दिलं. मोकळ्या विस्ताराचं नाव मिळालं ते टेकायच्या खांबाला, हे मला आमच्या पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही व्याख्येपेक्षा जवळचं वाटलं.

आजीचं माहेर जायकवाडीच्या पाण्यात गेलं. 1976 साली धरणाचं उद्घाटन झालं, तोवर माणसं आपापल्या तुळया, दारं, कड्या उतरवून नव्या गावठाणात निघून गेली होती. आजीच्या वाट्याला एक सागवानी चौकट आली. ती आमच्या परसदाराला बसवली आहे. दुपारी आजी तिलाच पाठ लावून तांदूळ निवडते. पन्नास वर्षं ती या घरात राहते, पण ‘माझं घर’ म्हणते तेव्हा तिचं बोट अजून नाथसागराकडे जातं.

दसरा झाला की आमच्या आणि पाथर्डीच्या बाजूनं ऊसतोडीला कोयते निघतात. कोयता म्हणजे जोडपं. उचल त्याच हिशोबानं मिळते. पश्चिमेकडच्या एका साखर कारखान्याच्या तळावर मी आमच्याच तालुक्यातल्या एका बाईंच्या कोपीपाशी थांबले. बांबू, पाचट, वर ताडपत्री.

“ताई, तुमच्या घराचं माप घेऊ का?”

“घर गावाकडं हाय बाई. हे बिऱ्हाड.”

माप घेतलं : आठ बाय दहा फूट. टिपून घ्यायला खाली बसले, सवयीनं मागं रेलले, तर पाचट आत दबलं आणि एक बांबू कलला. त्या हसल्या. “इथं टेकायला जागा न्हाई. पाठ टेकायची ती घरी गेल्यावर.”

दिवसभर मोळ्या वाहिलेली पाठ!

1951 साली जर्मनीत डार्मस्टाटला हायडेगर या तत्त्वज्ञानं एक व्याख्यान दिलं होतं. युद्धात शहरं उद्ध्वस्त झालेली, लोकांना घरं नाहीत. आणि त्यांचं म्हणणं असं की, निव्वळ घरांची टंचाई ही खरी अडचण नाही, माणसाला राहायचं कसं हेच शिकायचं आहे. प्रबंधासाठी मी ते चार वेळा वाचलं. विचार खोल आहे. पण हायडेगरना शहरात घर होतं आणि डोंगरात एक लाकडी खोपटंही. आमच्याकडे सप्त्यात कीर्तनकार सांगतात, देह म्हणजे चार दिवसांचं बिऱ्हाड. सहा महिने कोपीत काढून आलेली माणसंही मांडव धरून ते ऐकत असतात, माना डोलावतात. बिऱ्हाड म्हणजे काय, हे त्यांना आणखी कोणी काय सांगावं? नकाशावर भिक्खूचं झाडाखालचं आसन आणि ऊसतोड बाईची कोपी जवळपास सारखीच दिसतात. एकानं घर सोडलेलं असतं, दुसरीला ते उचलीपायी सोडावं लागतं. हा फरक कुठल्या रेषेनं दाखवायचा, ते मला कॉलेजात कोणी शिकवलं नाही.

शेवटी मी घर काढलंच नाही. तळावर पाणी, संडास आणि दर दोन कोप्यांमध्ये एक पक्की विटांची भिंत, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतकी उंच. बाकी पाचट, बांबू ज्याचं त्यानं आणावं, हवं तसं बांधावं.

तोंडी परीक्षेला आलेले सर कागदावर वाकले. “याला घर म्हणायचं?”

“नाही सर, बिऱ्हाडच आहे. टेकता येतं, एवढंच.”

“आणि हंगाम संपल्यावर? सहा महिने ही भिंत नुसतीच उभी राहणार?”

तिथं मला उत्तर सुचलं नाही. शेवगावच्या गाडीत बसल्यावर सुचलं. नेवाशाचा खांबही, कोणी येऊन टेकायच्या आधी, नुसताच उभा होता.