एकटीनं जायचं, पण कोणाच्या जिवावर?

मुंबई, धुळे आणि पुणे या तिन्ही बाजूंची वाहतूक नाशिकच्या द्वारका चौकात एकमेकांत घुसते. माझी भाची रोज सायकलवरून हा चौक ओलांडून कामाला जाते. आता तिला जग ओलांडायचं आहे. जमिनीवर सायकल, समुद्रात शिडाची बोट आणि सोबत कोणी नाही. काठे गल्लीत चहा घेता घेता आमचं बोलणं झालं, ते असं.

"विमान का नको?"

"मधला समुद्र गाळून पृथ्वी फिरले असं कसं म्हणू, मामा? पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं 2018 मध्ये, विसाव्या वर्षी, सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवली. कॅनडात अस्वल मागे लागलं, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटलं, तरी ती थांबली नाही. पण महासागर तिनं विमानानं ओलांडले, विक्रमाच्या नियमात ते बसतं. मला विक्रम नको."

"बरं, पण एकटीच का? आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी 2015 मध्ये अमेरिका आडवी पार करणारी शर्यत जोडीनं पुरी केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुळनाथांनी तीच शर्यत एकट्यानं संपवली, तरी मागे मदतीची गाडी होतीच."

"मग त्यांना कोणी एकटे नव्हते म्हणतं का? पाय त्यांचेच होते ना! दिलीप दोंदे घे. 19 ऑगस्ट 2009 ला 'म्हादेई' घेऊन मुंबईहून निघाले आणि 19 मे 2010 ला परतले. शिडाच्या बोटीनं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. बोट मात्र गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली. कितीतरी हात लागले तिला. एकटं असणं म्हणजे मदत नसणं नव्हे. रात्री तीन वाजता शीड उतरवायचं की ठेवायचं, ते विचारायला दुसरं कोणी नसणं."

मला हे पटलं. म्हणूनच जो प्रश्न मी टाळत होतो, तो विचारावा लागला.

"आणि ठरवलेलं चुकलं तर? सप्टेंबर 2018 मध्ये, शिडाच्या बोटीनं एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत, अभिलाष टॉमींच्या बोटीची डोलकाठी हिंदी महासागरात वादळानं मोडली. पाठीला जबर मार, उठताही येईना. तीन दिवसांनी 'ओसिरिस' नावाच्या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. भारतातून आणि ऑस्ट्रेलियातून विमानं शोधायला गेली होती. हौस एकाची आणि जीव धोक्यात घालायचा दुसऱ्यांनी, हा न्याय कुठला?"

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच शर्यतीतला एक आयरिश खलाशी स्वतःची डोलकाठी मोडलेली असताना त्यांच्या दिशेनं निघाला होता. समुद्रावर अडकलेल्याला वाचवायचं, हा तिथला कायदाच आहे. मी त्या कायद्याखाली जाणार, म्हणजे तो मलाही लागू. हाक आली तर मीही वळेन. आणि द्वारकेला मी सिग्नल ओलांडते, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याच्या ब्रेकवर माझा जीव असतोच की. त्याला मी कधी विचारलं, बाबा, चालेल का?"

"ट्रकवाला रस्त्यावर उतरलेला आहे. जहाजावरचा माणूसही समुद्रात उतरलेला आहे. तुझी आई कुठे उतरली आहे?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. खलाशाचं ऋण खलाशी फेडू शकतो. घरात फोनकडे बघत बसलेल्या बाईची धास्ती कशानं फिटणार? माझ्या बहिणीनं हा प्रवास मागितलेला नाही, पण त्याची रात्रपाळी तिच्याच वाट्याला येणार. आईला त्रास होतो म्हणून मुलीनं जन्मभर द्वारका ते काठे गल्ली करावं, असंही मला म्हणवत नाही. टॉमी तर पाठीवर शस्त्रक्रिया होऊनही 2022 मध्ये त्याच शर्यतीला पुन्हा निघाले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले. त्यांना घरचे नव्हते, असं थोडंच आहे?

"मग आईला विचारू, की नुसतं सांगू?" तिनं विचारलं.

माझं मत मी तिला दिलं, तेच इथे लिहितो. परवानगी मागू नकोस. तू सज्ञान आहेस, आणि नकार मिळाला तर तू लपून जाशील. पण नुसतं कळवूही नकोस. दोंदे यांच्यावर ही मोहीम 2006 मध्ये सोपवली गेली आणि ते निघाले 2009 मध्ये. मधली तीन वर्षं बोट बांधून घेण्यात आणि ती हाताळायला शिकण्यात गेली. तुलाही शीड शिकायला तेवढी वर्षं लागतील, आणि त्या वर्षांवर आईचा हक्क आहे. पहिल्यांदा बोटीवर चढशील तेव्हा तिला सोबत ने. संकटाचा संदेश कसा पाठवतात, तो कुठे पोचतो, किती दिवस संपर्क तुटू शकतो, हे तिला तुझ्याइतकंच माहीत असू दे. आज संध्याकाळीच तिच्यापुढे नकाशा पसर. ती पहिला प्रश्न विचारेल तो परत येण्याबद्दलचा असेल. त्याचं उत्तर गोड करून देऊ नकोस.