परीक्षा कोणाच्या पानाची?

निफाड तालुक्यांतील द्राक्षांची पेटी युरोपास निघावयाची असली म्हणजे तिच्यामागें केवढा लवाजमा चालतो! बागेची नोंद होते, मणी प्रयोगशाळेंत जातात, औषधांचे अंश मोजले जातात, आणि दाखला हातीं आल्यावांचून पेटी जहाजावर चढत नाहीं. त्याच शिवारांतील टोमॅटो पिंपळगांव बसवंतच्या बाजारसमितींत लिलांवास येतात व मुंबई-आग्रा रस्त्यानें आमच्या स्वयंपाकघरांत पोहोंचतात. त्यांना अशा दाखल्याची सक्ती नाहीं. परक्याच्या पानाची काळजी आणि घरच्या पानाविषयीं मात्र भरंवसा! यांत व्यापारी शहाणपण आहे हें खरें. न्याय कितपत आहे, हा प्रश्न आम्हांस पडतो.

प्रश्न विषाच्या अंशाहूनहि सूक्ष्म आहे. 1943 सालीं मातींतील जीवाणूपासून मिळालेलें स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील पहिलें प्रभावी औषध. तेंच टेट्रासायक्लिनशीं मिसळून टोमॅटोसह आठ पिकांवर फवारण्यास आपल्याकडे परवानगी होती; डाळिंब त्या यादींत नसतांहि तेल्या रोगाच्या धसक्यानें बागाइतदार त्याचाच आश्रय करीत आले. डिसेंबर 2021 मध्यें केंद्र सरकारनें या मिश्रणाच्या बंदीचा मसुदा काढला. कोंबड्यांस दिलें जाणारें कोलिस्टिन जुलै 2019 मध्यें बंद झालें होतें. अत्यवस्थ रोग्यास दुसरें कांहीं लागू पडेनासें झालें म्हणजे देतात तें हें औषध. अपुऱ्या मात्रेंत जे जंतु तगतात त्यांचाच वंश वाढतो, हा इशारा फ्लेमिंगनें 1945 च्या नोबेल व्याख्यानांतच दिला होता. शिजविल्यानें जंतु मरतात खरे; पण विळीवर व हातांवर राहिलेले मरत नाहींत, आणि कोशिंबीर तर शिजतच नाहीं.

बंदी पाळली जाते कीं नाहीं हें पाहण्यास डोळे लागतात, व डोळ्यांस पैसा लागतो. गांवच्या कारभाऱ्यांचा आक्षेप आम्ही समजूं शकतों: गटारें तुंबलेलीं असतां न दिसणाऱ्या जंतूंच्या मोजणीस पैसा कुठला? पण पंधराव्या वित्त आयोगानें 2021 ते 2026 या काळाकरितां स्थानिक संस्थांस आरोग्यासाठीं म्हणून 70,051 कोटि रुपयांची शिफारस केली, आणि तींत तपासणीच्या सोयी धरलेल्या होत्या. तेव्हां ही कल्पनाच परकी, असें म्हणवत नाहीं.

याहून वजनदार आक्षेप शेतकऱ्याचा. 2010 सालीं द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपांत आढळले, माल अडकला, आणि बागाइतदारांचें जबर नुकसान झालें. तेव्हांपासून परीक्षा म्हणजे शिक्षेची पूर्वतयारी, असें त्यानें मानलें तर त्यास दोष कसा द्यावा? मोजणीचा लाभ व्हावयाचा तो पुढें केव्हां तरी इस्पितळांत पडणाऱ्या कोणा अनोळखी रोग्याला. झळ लागावयाची ती आजच्या, नांवागांवाच्या मनुष्याला. अनोळखी माणसाचा जीव व ओळखीच्याचा संसार हे एका तराजूंत घालणें सोपें नव्हे. मात्र न मोजल्यानें तराजू नाहींसा होत नाहीं. फक्त त्याच्याकडे पाठ फिरते.

डेन्मार्कनें 1995 पासून जनावरें, अन्न व माणसें यांतील दुर्दम जंतूंची सलग नोंद ठेविली आहे. तसेंच येथें कांहीं नमुने दरमहा घ्यावे. त्यांवर शेतकऱ्याचें नांव नसावें, आकडे मात्र सर्वांस दिसावे. तरीहि गांवाचें नांव जोडलें जाऊन भाव पडेल, हें भय उरतेंच. म्हणून एकट्या पिंपळगांवानें हें करूं नये. लासलगांवापासून नाशिकपर्यंत सर्व बाजारांत तें एकदम व्हावें, आणि खर्चाचा मोठा वांटा मुंबई-नाशिकच्या खाणाऱ्यांनीं उचलावा.

आम्ही त्या खाणाऱ्यांपैकींच आहों. स्वस्ताई पाहून पिशवी भरतांना, हा टोमॅटो कोणत्या फवाऱ्याखालून आला, असें आम्हीं एकदांहि विचारलेलें नाहीं. घरपट्टींत या कामासाठीं चार रुपये वाढले तर आम्ही ते देऊं. शेजाऱ्यांस हें बोलून दाखविलें, तेव्हां ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, आधीं रस्त्यावरचे दिवे तरी लागूं द्या."