पाहणाऱ्याचे कर्तव्य



सुट्टीत बाहेरगावचे पाहुणे आले की आपण त्यांना अजिंठ्याला नेतो. तिकीट काढले, लेणी पाहिली, फोटो घेतले की सहल पूर्ण. पण तिकिटाने पाहण्याचा हक्क मिळतो, तसे काही कर्तव्यही येते का?

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात सान मार्को हा जुना डॉमिनिकन मठ आहे. पंधराव्या शतकात फ्रा अँजेलिको या धर्मबंधूंनी तेथील खोल्यांच्या भिंतींवर चित्रे रंगवली. खोलीत राहणाऱ्याने त्यासमोर प्रार्थना करावी म्हणून. १९८२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. आज तो मठ संग्रहालय आहे. अजिंठ्याचेही तसेच. भिक्षूंच्या निवासासाठी आणि उपासनेसाठी खोदलेली लेणी आज पर्यटनस्थळ आहेत. त्यात गैर काही नाही. मात्र जे उपासनेसाठी घडले, ते केवळ करमणूक म्हणून पाहणे पुरेसे नाही.

अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने एप्रिल १८१९ मध्ये खांबावरील चित्रावर स्वतःचे नाव कोरले. ज्यांनी चित्रे रंगवली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ज्याने नुसती पाहिली त्याचे नाव मात्र राहिले! आजही गडकिल्ल्यांच्या भिंतींवर अशी नावे दिसतातच.

नुकसान करायला खिळाच लागतो असे नाही. ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर आहेत. आपल्या श्वासातील ओलाव्यानेही त्यांची झीज होते. म्हणून तेथे फ्लॅश चालत नाही आणि एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात. बाहेर थांबावे लागले तर कुरकुर करू नये. आपल्या नातवंडांच्या वाट्याचे आपण राखत असतो.

आणि ते दुसऱ्यांचे श्रद्धास्थान आहे, हेही विसरू नये. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट केले. आपल्या मंदिरात मिस्सा चालू असताना कोणी वेदीकडे पाठ करून फोटो काढत बसले तर आपल्याला कसे वाटेल? लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते, तसेच आपण बुद्धमूर्तीसमोर वागावे.

जळत्या झुडपाजवळ मोशेला पायांतले जोडे काढायला सांगितले होते. अजिंठ्यातही चित्रांच्या लेण्यांत शिरताना पादत्राणे बाहेर ठेवतात. पुढच्या वेळी ती काढताना मुलांना एवढेच सांगू या : आता आवाज हळू.