खाट वाहणारे चौघे

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांतील पक्षघाती मनुष्याची गोष्ट आमच्या मंडळ्यांतील लहान मुलांसही ठाऊक आहे. कफर्णहूमांतील तें घर माणसांनीं गच्च भरलेलें होतें, दारांतून आंत शिरावयास वाट नव्हती, म्हणून चौघांनीं छप्पर उसकटून रोग्यास खाटेसकट प्रभूच्या पुढें सोडलें. प्रभूनें त्यांचा विश्वास पाहिला, असें शास्त्रलेखक मुद्दाम सांगतो. रोगी उठला, खाट उचलून निघून गेला, आणि लोकांनीं देवाचें गौरव केलें. परंतु त्या चौघांचें पुढें काय झालें? त्यांचीं नांवें काय होतीं, तो मनुष्य त्यांचा कोण लागत होता, घरीं गेल्यावर त्यानें त्यांस दोन गोड शब्द तरी बोलून दाखविले कीं नाहीं, याविषयीं शास्त्र मौन धरितें. घरधन्याचीं छपराबद्दलचीं बोलणीं मात्र त्यांनीं खाल्लीं असावींत, असें माझ्या मनांत पुष्कळदां येतें.

हे चौघे आजच्या काळीं रुग्णवाहिकेवर आढळतात. आपल्या महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची सेवा २०१४ सालीं सुरू झाली. तिच्यासाठीं आरंभीं ९३७ वाहनें योजिलीं होतीं. त्यांपैकीं २३३ वाहनांत अत्यवस्थ रोग्यास लागणारीं विशेष साधनें, व उरलेल्या ७०४ वाहनांत साधीं साधनें. खेड्यांतून कोणीं हा क्रमांक लाविला म्हणजे हांक पुण्याच्या केंद्रांत पोहोंचते, व तेथून जवळच्या गाडीस निरोप जातो. गाडीवर एक डॉक्टर व एक चालक असतो. चालकास त्या सेवेंत ‘पायलट’ असें म्हणतात. (कित्येक वाड्यांस धड रस्ताही नाहीं, पण नांव मात्र विमान हांकणाऱ्याचें!) इतर पुष्कळ प्रांतांत डॉक्टराच्या जागीं विशेष शिक्षण घेतलेला सेवक असतो, आणि पाश्चात्य देशांत अशा सेवकास पॅरामेडिक म्हणतात.

त्यांचें काम कसें असतें, हें ज्यानें एकदां जवळून पाहिलें तो सहसा विसरत नाहीं. अपघातांत सांपडलेल्याची मान हलूं न देतां त्यास फळीवर घ्यावयाचें, वाहतें रक्त दाबून धरावयाचें, श्वास अडला तर नळी लावून प्राणवायु द्यावयाचा, आणि हें सर्व हलत्या गाडींत, खड्ड्यांतून, एका हातानें दांडी धरून. कधीं बाळंतीण वाटेंतच मोकळी होते. मग गाडी कडेला उभी करून तेथेंच नाळ कापावी लागते. वाहन जाऊं शकत नाहीं तेथें ओढ्यापलीकडे पायीं जाऊन रोग्यास झोळीनें आणावें लागतें. इतकें करून पोहोंचल्यावर पहिला शब्द जो कानीं पडतो तो बहुधा “इतका उशीर कां?” हा असतो. घरच्यांचा तो आक्रोश असतो, त्यास कोणीं दोष देऊं नये. पण तो झेलणाऱ्याचें काळीजही मांसाचेंच आहे.

याहून एक गोष्ट मला अधिक विचार करण्यासारखी वाटते. हीं माणसें रोग्यास रुग्णालयाच्या दारापर्यंत नेतात, कागदावर सही घेतात, आणि दारांतूनच परततात. गाडी धुवावयाची असते. दुसरी हांक आलेली असते. आंत गेलेला मनुष्य जगला कीं मेला, हें त्यांस बहुतकरून कधींच कळत नाहीं. रोगी बरा होऊन घरीं निघाला म्हणजे नातेवाईक पेढे आणितात, ते मोठ्या डॉक्टरांस व परिचारिकांस वाटितात, आणि तें योग्यच आहे. पण ज्यांनीं त्यास तेथपर्यंत जिवंत आणिलें त्यांच्या हातीं पेढा पडत नाहीं. त्यांचें नांवही कोणीं विचारून ठेविलेलें नसतें.

येथें आमच्या गांवांतून एक उत्तर ठरलेलें असतें : “त्यांस त्याचा पगार मिळतो, उपकार कसले?” हें उत्तर अशिक्षितच देतात असें नाहीं. आणि आमचे उपदेशक बंधु तर याहून वजनदार आक्षेप आणतील. लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायांत प्रभूनें एका दासाचा दाखला दिला आहे. दास दिवसभर शेत नांगरून किंवा गुरें चारून येतो, तरी धनी त्यास आधीं बसून जेव असें म्हणत नाहीं. सांगितलेलें काम केलें म्हणून त्याचे आभारही मानीत नाहीं. शिष्यांनींही सर्व कांहीं करून आपण निरुपयोगी दास आहों, असेंच म्हणावें, असा त्या दाखल्याचा रोख आहे. मग कर्तव्य करणाराचे आभार मानणें म्हणजे त्यास बिघडविणें नव्हे काय?

हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून जाणें मला बरें वाटत नाहीं. परंतु तोच अध्याय थोडा पुढें वाचावा. दाखला संपतांच लूक दहा कुष्ठरोग्यांची हकीकत सांगतो. दहाही शुद्ध झाले, एकच परत आला, आणि तोही शोमरोनी. तेव्हां प्रभूनें उरलेल्या नऊ जणांची चौकशी केली. ज्या मुखानें दासास आभारांची अपेक्षा करूं नको असें शिकविलें, त्याच मुखानें परत न आलेल्या नऊ जणांविषयीं विचारिलें. हीं दोन वचनें लूकानें शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. यांत मला विरोध दिसत नाहीं. पहिलें वचन दासानें स्वतःविषयीं म्हणावयाचें आहे. “मीं केवळ माझें कर्तव्य केलें,” असें रुग्णवाहिकेवरील मनुष्यानें म्हणावें. तें त्याच्या तोंडीं शोभतें. ज्याचा जीव वांचला त्यानें “त्यानें केवळ त्याचें कर्तव्य केलें,” असें म्हणूं लागणें म्हणजे दुसऱ्याची नम्रता चोरून आपला कंजूषपणा झांकणें होय. दाखल्यांतील तो धनी कसा वागतो हें प्रभूनें सांगितलें. धन्यानें तसें वागावें अशी आज्ञा मला कोठें आढळत नाहीं.

आभार न मानण्याची संवय एकट्यादुकट्या मनुष्यापुरती राहत नाहीं. ती संस्थेंत शिरते आणि मग मनुष्याचें अन्नही काढून घेते. ज्या विद्येस आज पॅरामेडिकची विद्या म्हणतात तिचा पाया ज्या ठिकाणीं घातला गेला त्यांत अमेरिकेंतील पिट्सबर्ग शहर प्रमुख आहे, आणि तेथील हकीकत आमच्या वाचकांनीं अवश्य ऐकावी. १९६७ पूर्वीं त्या शहरांत आजारी मनुष्यास बहुधा पोलिसांच्या कैदी नेण्याच्या गाडींतून नेत असत. मागें कोणी शुश्रूषा करणारा नसे. हिल नांवाच्या वस्तींत काळ्या लोकांची गरिबी मोठी होती, व तेथें हांक मारली तरी गाडी लवकर येत नसे. व्हिएन्ना येथें जन्मलेला पीटर सफर हा त्या शहरांत डॉक्टर होता. बंद पडलेला श्वास व हृदय पुन्हां चालूं करण्याच्या आजच्या पद्धतीचा तो एक जनक. १९६६ सालीं त्याची स्वतःची लहान मुलगी दम्यानें गेली. पुढल्या वर्षीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्याच वस्तींतील बेकार तरुण निवडले, ज्यांस कोणी कामावर घेण्यालायक समजत नव्हतें असे. कांहींचें शिक्षण अर्ध्यावर राहिलेलें, कांहीं युद्धांतून परतलेले. त्यांस सुमारें ३०० तासांचें कसून शिक्षण दिलें. या पथकाचें नांव फ्रीडम हाउस.

पहिल्या वर्षींच त्यांनीं ५,००० हून अधिक हांकांस उत्तर दिलें. तशी सेवा त्या काळीं त्या देशांतील श्रीमंत वस्त्यांतही दुर्मिळ होती. पुढें नॅन्सी कॅरोलाइन या तरुण डॉक्टरीणबाईनें त्यांच्याबरोबर काम केलें, आणि सर्व देशांतील पॅरामेडिकांचा जो अभ्यासक्रम सिद्ध झाला तो या पथकाच्या अनुभवावर उभा राहिला. असें असूनही काळ्या हातांनीं आपणांस शिवूं नये, असें म्हणणारे रोगी त्यांस भेटले, हें त्यांच्यांतील लोकांनींच मागाहून सांगितलें आहे. मरणाच्या दारांत पडलेला मनुष्यही विटाळ विचारतो! आमच्या वाचकांस याचा अर्थ मीं उलगडून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

१९७५ सालीं शहरानें स्वतःची रुग्णवाहिका सेवा काढिली व फ्रीडम हाउस बंद झालें. त्यांतील माणसांस नव्या सेवेंत घेतलें खरें, पण थोड्याच काळांत बहुतेकांस परीक्षांच्या व नियमांच्या निमित्तानें बाजूस सारण्यांत आलें. ज्यांनीं शिकविलें त्यांच्या वरती नवशिके बसले. त्यांचीं नांवें कितीएक वर्षें कोणी घेतलीं नाहींत. अलीकडे त्यांच्याविषयीं पुस्तकें व चित्रपट निघाले आहेत, तेव्हां त्यांच्यांतील कित्येक मरून गेले होते.

उशिरा आलेल्या आभारांविषयीं इतकें पुरे. वेळेवर आलेले आभारही सर्व खरेच असतात असें नाहीं. २२ मार्च २०२० रोजीं सायंकाळीं पांच वाजतां सर्व हिंदुस्थानांत लोकांनीं दारांत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजविल्या. ३ मे रोजीं विमानदळानें रुग्णालयांवर पुष्पवृष्टि केली. मी यांची थट्टा करीत नाहीं; पुष्कळांचे डोळे त्या वेळीं खरोखर भरून आले होते. पण या दोन दिवसांच्या दरम्यान, एप्रिलमध्यें, चेन्नई शहरांत कोविडनें मृत झालेल्या एका डॉक्टराचें प्रेत पुरावयास नेलें असतां जमावानें रुग्णवाहिकेवर दगड व काठ्या चालविल्या. गाडीवरील माणसें जखमी झालीं, आणि शेवटीं त्याच्या एका डॉक्टर मित्रानें स्वतः ती गाडी हांकून रात्रीं हातांत खोरें घेऊन त्यास माती दिली. त्याच महिन्यांत आरोग्यसेवकांवर हात टाकणारास सात वर्षांपर्यंत कैद देतां येईल असा वटहुकूम सरकारास काढावा लागला. दाराशीं थाळी वाजविणारा आणि भाडेकरी परिचारिकेस खोली सोड म्हणणारा, हे कित्येक ठिकाणीं एकाच आळींत राहत होते.

स्तुतीमध्यें एक गुप्त पळवाट आहे. सेवा करणारास आपण ‘देवदूत’ म्हणतों, ‘योद्धा’ म्हणतों. देवदूतास भूक लागत नाहीं, झोंप लागत नाहीं, महिन्याच्या शेवटीं वाण्याचें देणें नसतें. म्हणून एकदां मनुष्यास देवदूत ठरविलें कीं त्याचा पगार थकला, त्याचें काम कंत्राटावर राहिलें, त्याच्या पाळीचे तास वाढले, तरी आपणांस कांहीं वाटेनासें होतें. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यांत आपण शोमरोन्याकडेच पाहतों. उतारशाळेच्या रखवालदाराकडे कोणी पाहत नाहीं. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्या जखमी मनुष्यास पाणी पाजणारा, त्याच्या पट्ट्या बदलणारा तोच होता. शोमरोन्यानें त्याचें गुणगान केल्याचें लिहिलेलें नाहीं. त्यानें दोन नाणीं काढून दिलीं, आणि अधिक खर्च झाल्यास परत येतांना देईन असें वचन दिलें. पगार मिळतो म्हणून आभार नकोत, असें म्हणणारास आणि आभार मानले म्हणून पगाराची चौकशी नको, असें म्हणणारास, दोघांसही हा शोमरोनी उत्तर देतो.

त्या शोमरोन्याचें नांव आतां आपल्या देशाच्या कायद्यांतही आलें आहे. अपघातांतील मनुष्यास साह्य करणारास पोलिसांनीं व कचेऱ्यांनीं छळूं नये, याविषयींच्या नियमांस सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं मान्यता दिली, व २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत तसें कलम घातलें. आपलें नांव सांगण्याचीही त्यास सक्ति नाहीं. म्हणून रस्त्यांत पडलेल्यास पाहून “नसती भानगड” म्हणत पलीकडून जाणारा याजक व लेवी आतां कायद्याचें निमित्त सांगूं शकत नाहीं. त्याच सुधारणेनें रुग्णवाहिकेस वाट न देणारास १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, ठरविलीं आहेत. वरात रस्ता अडवून नाचत आहे आणि मागें गाडी दिवा फिरवीत उभी आहे, असें दृश्य आमच्या ख्रिस्ती वरातींतही दिसतें. पाळकांनीं लग्नाच्या आदल्या दिवशीं याविषयीं दोन शब्द सांगावे.

खेड्यांतील मंडळीनें करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. गाडी बोलाविली कीं फाट्यावर विजेरी घेऊन एक तरुण उभा करावा. रात्रीं वाडी शोधण्यांत जो वेळ जातो त्यांत रोग्याचा श्वास जातो. गर्दी मागें हटवावी, खाट उचलावयास चार खांदे द्यावे. आलेल्यांस तांब्याभर पाणी विचारावें. कित्येकदां त्यांनीं दुपारपासून तें घेतलेलें नसतें. रविवारच्या प्रार्थनेंत आपण राज्यकर्त्यांसाठीं व डॉक्टरांसाठीं विनंति करितों. तींत गाडी हांकणाराचाही उल्लेख असावा, आणि शक्य तर नांवानें.

आणि ज्या घरचा रोगी गेला होता त्यांनीं आणखी एक करावें. त्या गाडीचा तळ बहुधा ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा आरोग्य केंद्राच्या आवारांत असतो. कोठें तें आशाताईस ठाऊक असतें. बाजारच्या दिवशीं त्या वाटेनें कोणी तरी जातच असतो. त्यानें तेथें घटकाभर थांबून, अमक्या रात्रीं नेलेली बाई घरीं आली, मूल अंगावर पितें, इतकें कळवावें. रोगी दगावला असेल तर तेंही जाऊन सांगावें; तें तर त्यांस कोणीच सांगत नाहीं.